प्रकाशक, पुढे एक ओळ

जुन्या बाजारात, बुधवारी,
नळाच्या तोट्या आणि पायमोडक्या शिलाई मशीनच्या मधे
शब्बीरभाईंनी तो ताडपत्रीवर उघडा टाकला होता.
इंग्लंडचे परगणे, चाळीस नकाशे, दोन कमी.
"तोलून देऊ का मोजून?"
मोजून घेतला. ग्रंथालयाने पावती मागितली,
ती काही मिळाली नाही.

आता टेबलावर छापील कार्ड आहे.
प्रकाशक, पुढे एक ओळ.
आणि माणसं पाच.

पहिला हॉलिस. त्याने तांब्यावर इंग्लंड उलटं कोरलं,
पूर्वेच्या नद्या पश्चिमेला सोडल्या,
आणि कर्जात मेला.
मग त्याची बायको. तिने नवऱ्याचं नाव तसंच ठेवलं,
खालचा पत्ता तेवढा बदलला, स्वस्तातल्या गल्लीचा.
मग जावई प्रॅट. त्याने सासरा खरवडला.
१७०१ होतं, त्याचं १७३१ केलं;
भिंग धरलं की तीनाच्या मागे शून्य दिसतं,
बीजेच्या कोरीमागे उरलेला चंद्र दिसतो तसं.
मग लिलाव, पत्रे किलोच्या भावात, म्हणजे तेव्हाच्या पौंडाच्या.
क्रॅडक आणि मंडळींनी टपालाचे रस्ते घातले.
शेवटी कोणी डनिंग, त्याने शंभर वर्षं शिळ्या शेतांवरून
आगगाडी ओढली आणि पहिल्या पानावर छापलं:
संपूर्ण नवीन, सुधारून वाढवलेला.

हसू आलं. अप्पा बळवंत चौकात
दर जूनला हेच गाईड मिळतं.

पण रटलंडच्या पानाशी अडले.
नाव खरवडलं तर तांब्यात खळगा पडणार,
खळग्यात शाई साचणार, कागदावर डाग उठणार.
कागद स्वच्छ आहे.
लंडनहून मागवलेली पहिल्या ठशाची प्रत आणि हे पान
दोन्ही पिशवीत घालून
मी कसब्यात गेले, तांबट आळीत.

मनोहर वडके बंबाच्या बुडाला टोले देत होते.
चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं.
"मागून ठोकलंय."
समोरून खरवडायचं, पत्रा पालथा घालायचा,
नेमकं त्याच जागी मागून ठोकायचं. पातळी वर येते.
"मोडीत आलेल्या भांड्यांवरची नावं अशीच घालवायचो.
कै. गोदूबाई यांचे स्मरणार्थ,
ते दुसऱ्याच्या लग्नात कसं द्यायचं?"
"नाव पूर्ण जातं?"
त्यांनी एक परात माझ्याकडे सरकवली.
"डोळ्याला जातं."
मी अंगठा फिरवला. गोदूबाई नव्हत्या बहुतेक,
दुसरंच कोणी होतं, द ने सुरू होणारं.

"आणि हे?" त्यांनी काळं नख टेकवलं.
जुन्या प्रतीत, प्रकाशकाच्या नावाला लागून,
एक ठिपका. नेदर ऑर्बी. एक गाव.
माझ्या पानावर तिथे काहीच नाही.
"नाव घालवताना शेजारचं गेलं. होतं तसं.
पुन्हा कोरलं नाही?"
"पुढच्या तिघांनीही नाही."
"गावातल्या कुणी पत्र नाही धाडलं?"
मला हसू आलं. ते हसले नाहीत,
हातोडी उचलून बंबाकडे वळले,
आणि आळीभर पुन्हा तोच आवाज.

कार्डावर मी प्रॅट लिहिलं. नियमाने तोच.
मग कार्ड पालथं घालून, कठीण शिसाने, दाबून,
हॉलिस, हॉलिसची बायको, बाकीचे दोघे,
आणि प्रकाशक नसूनही, नेदर ऑर्बी.
पुढच्या बाजूला अक्षरं उलटी उमटून आली,
बोटाला लागतात.

सोमवारी ही कार्डं संगणकावर चढवायची आहेत.
साठेबाईंना विचारलं.
मागची बाजू घेत नाहीत, म्हणाल्या.